चंदन लावलेल्या चार डिस्क

माझ्या दुकानात कुणी हसत येत नसे. मिठाईवाल्याकडे लोक हसत जातात, सोनाराकडे तर नटूनथटून जातात. माझ्याकडे यायचे ते रुमालात काहीतरी गुंडाळून, तोंड पाडून. रुमाल उलगडला की आत मेलेली हार्ड डिस्क, नाहीतर पिळवटलेला पेन ड्राइव्ह. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काल चालत होतं." मी मनात म्हणायचो, काल तर सगळेच चालत असतात.

तंजावूरच्या कीळ वीथीत पस्तीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त केले, आणि त्यातली शेवटची वीस वर्षं बहुतेक एकच काम केलं: लोकांनी हरवलेलं शोधून द्यायचं. आता फक्त सकाळी दोन तास बसतो. तुमच्या अंकासाठी लिहा म्हणून सांगणं आलं तेव्हा आधी नाही म्हणणार होतो. आम्ही इकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी तुम्हाला जरा आंबट लागेल, आणि देवनागरी मला वडिलांनी छडी घेऊन शिकवली म्हणून येते. पण या धंद्याबद्दल कुणी लिहीत नाही आणि चुका तर सगळे त्याच त्याच करतात, म्हणून बसलो लिहायला.

एक वकिलाचे कारकून होते. रोज संध्याकाळी नेमानं बॅकअप घ्यायचे. घ्यायचे म्हणजे, सगळे कागद त्याच कॉम्प्युटरवर त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवायचे. डिस्क बसली तेव्हा त्यांच्याकडे तीनशे बॅकअप होते, सगळे त्या बसलेल्या डिस्कच्या पोटात. एक फोटोग्राफर दोन वेगळ्या डिस्कवर लग्नांचे फोटो ठेवायचे. शहाणपणाचं काम. फक्त दोन्ही डिस्क एकाच कपाटात, एकमेकींवर, आणि वर छताला गळकी टाकी. अशा लोकांना हसायचा मला फार मोह व्हायचा. तो मोह कायमचा गेला त्याची ही गोष्ट आहे, कारण त्या वेळी चुकलेल्यांच्या रांगेत मीही उभा होतो.

गोपाळराव तिरुवैयारूचे. सरकारी खात्यात इंजिनियर होते, निवृत्त झाले. माणूस इतका शिस्तीचा की चपलासुद्धा दारात काटकोनात ठेवतील. त्यांच्या बायको कमलाबाई. आमच्या लोकांत कुठंही लग्न असो, तंजावूरला, कुंभकोणमला, पार ओरत्तनाडूला, हळदीपासून मुलीच्या पाठवणीपर्यंत गाणी म्हणायला कमलाबाई. ही आमची मराठी गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आली आणि पुढं कुणी शिकलं नाही. गोपाळराव स्वतः गायचे नाहीत. ते रेकॉर्ड करायचे. कोपऱ्यात टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे आणि पोरांना दटावायचे. तीस वर्षांच्या कॅसेटी त्यांच्या घरी नंबर घालून रांगेत होत्या.

आठ वर्षांपूर्वी ते दुकानात आले. कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती. मी त्यांना त्या कॉम्प्युटरवर उतरवायला शिकवलं आणि ठेवायला चार डिस्कचा एक डबा बसवून दिला.

हा डबा काय असतो ते सांगतो. समजा तीन माणसांना तुम्ही एकेक आकडा लक्षात ठेवायला सांगितला आणि चौथ्याला सांगितलं, तू फक्त तिघांची बेरीज लक्षात ठेव. आता या चौघांतला कुठलाही एक गावाला गेला तरी उरलेल्या तिघांना विचारून त्याचा आकडा काढता येतो. डब्यातल्या चार डिस्क असंच करतात. एकेक गाणं बारीक तुकडे करून सगळ्यांवर वाटून ठेवतात आणि बेरजेचं कामही आळीपाळीनं करतात. एक डिस्क मेली तर गाणं जात नाही. दोन मेल्या तर मात्र सगळं जातं. आणि कोण पहिली, कोण दुसरी, हा क्रम त्यांच्या जुन्या डब्याला फार महत्त्वाचा होता.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, आणि वर एक वाक्य बोललो. "मामा, आता निश्चिंत राहा. एक गेली तरी तिघी सांभाळतात." डबा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला माहीत होतं. घराला आग लागली, चोर आला, माणसानं स्वतःच्या हातानं पुसलं, तर चारी डिस्क एकदमच जातात. वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवावीच लागते. पण समोरचा माणूस खूश होता, मीही खूश होतो, आणि खूश असताना कोण अशुभ बोलतो. गोपाळराव माझ्या वाक्यावर इतके निश्चिंत झाले की पुढच्या पोंगलच्या आदल्या दिवशी, भोगीला जुनं घराबाहेर काढायचं म्हणून त्यांनी सगळ्या कॅसेटी भंगारात दिल्या. हे मला फार नंतर कळलं.

मधल्या काळात कमलाबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि हातात पाटी. पाटीवर मराठीच लिहायच्या, पण तमिळ अक्षरांत, कारण आमच्या बायकांना देवनागरी कुणी शिकवलीच नाही.

गेल्या वर्षी विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी दोघं टाउन बसनं माझ्या दुकानात आले. गोपाळरावांच्या हातात पिवळी कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून चार डिस्क काढून टेबलावर ठेवल्या आणि मी बघतच राहिलो. प्रत्येक डिस्कवर चंदनाची तीन बोटं आणि मधोमध कुंकू.

आयुधपूजा आमच्याकडे सगळेच करतात. त्या दिवशी हत्यारं, पुस्तकं, वाद्यं, गाड्या धुऊनपुसून देवापुढं ठेवायच्या, गंध लावायचं, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत वापरायच्या नाहीत. माझ्या दुकानातल्या पकडी आणि स्क्रू-ड्रायव्हर अजून कुंकवानं लाल आहेत. लोक कॉम्प्युटरलाही गंध लावतात, पण ते बाहेरून, डब्याला. गोपाळराव पडले शिस्तीचे. त्यांनी विचार केला, काम करतात त्या आतल्या डिस्क, मान त्यांचा. त्यांनी चारी डिस्क बाहेर काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, गंध लावलं, फूल वाहिलं. पुसताना मी चिकटवलेले एक-दोन-तीन-चारचे कागद निघून आले. एका डिस्कला चंदन जरा पातळ झालं होतं, ते ओघळून खालच्या सर्किटमध्ये शिरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डिस्क परत डब्यात घातल्या, अर्थात भलत्याच क्रमानं. चंदन प्यालेली डिस्क सुरू होताच मेली. उरलेल्या तिघी आपापल्या जागी नाहीत. डब्याला काही ओळख पटेना. त्यानं स्क्रीनवर इंग्रजीत विचारलं, इथं काही दिसत नाही, नव्यानं मांडू का? खाली हेही लिहिलं होतं की आधीचं सगळं पुसलं जाईल. गोपाळरावांनी चाळीस वर्षं असल्या इंग्रजी सूचना न वाचता सह्या केल्या होत्या. त्यांनी 'होय' दाबलं आणि कॉफी प्यायला मागच्या अंगणात गेले.

कमलाबाईंचं इंग्रजी बेताचं. त्या स्क्रीनसमोर बसून अजून तिथं दिसणारं ते वाक्य एकेक अक्षर लावत वाचत होत्या. 'पुसणे' या शब्दापर्यंत पोचायला त्यांना काही मिनिटं लागली. हाक मारायला आवाज नाही. टाळ्या वाजवल्या, अंगणात ऐकू गेल्या नाहीत. तेव्हा बाई उठल्या आणि त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

गोपाळराव मला हे तक्रार म्हणून सांगत होते. चालतं काम मध्येच तोडलं, त्यामुळंच बिघडलं असणार, असं त्यांचं मत. मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, काही वाचलं असेल तर ते मामींनी ओढलेल्या त्या स्विचमुळं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "श्रीनिवासा, तूच सांगटलास की, एक गेली तरी तिघी सांभाळतात म्हणून. अस्के गाणे तिथेंच आहेत. दुसरें कुठें काहीं नाहीं."

अस्के म्हणजे सगळे. तेव्हा कॅसेटींचं कळलं. वकिलाच्या कारकुनाला मी दहा जणांत हसलो होतो. इथं माझ्या शब्दावर एका बाईचा आवाज भंगारात गेला होता. तै महिन्यात, म्हणजे पोंगलनंतर, त्यांची नात भार्गवी हिचं लग्न ठरलं होतं आणि आजीचीच गाणी लग्नात लावायची असं घरात ठरून गेलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं तोवर कमलाबाईंनी पाटी माझ्यापुढं सरकवली. तमिळ अक्षरांत लिहिलं होतं, "माझा गळा आंत आहे. हळू काढ."

हळू काढायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगतो. पहिला नियम, मूळ डिस्कवर हात चालवायचा नाही. तिची आधी हुबेहूब नक्कल करायची आणि काय प्रयोग करायचे ते नकलेवर. नवशिके इथंच घाई करतात आणि उरलेलंही घालवतात. तीन जिवंत डिस्कच्या नकला करायला मला चार दिवस लागले. चौथीचं चंदन खरवडून काढलं, पण ती काही उठली नाही. तिला बाजूला ठेवलं. तीन पुरतात, फक्त क्रम सापडला पाहिजे.

चार जागा, म्हणजे चोवीस तऱ्हा. एकेक तऱ्हा लावायची आणि एखादं गाणं सरळ वाजतं का बघायचं. क्रम चुकला की काय होतं ते मी जन्मात विसरणार नाही. अर्धा क्षण हळदीचं गाणं, अर्धा क्षण पाळण्याचं, मग नुसती खरखर, मग एखाद्या शब्दाचं शेपूट. आवाज कमलाबाईंचाच, पण कुणीतरी हिसडे देत असल्यासारखा. मी हेडफोन काढून ठेवायचो, चहा पिऊन यायचो, पुढची तऱ्हा लावायचो. सतराव्या वेळी एक ओळ पुरी झाली. मग दुसरी झाली. मग गाणं चालतच राहिलं आणि मध्येच गोपाळरावांचा तरुण आवाज आला, "फॅन बंद करा रे कुणी."

मी त्यांना फोन लावला आणि काही न बोलता फोन स्पीकरसमोर धरला. पलीकडून लाकडावर बोटं आपटल्याचा आवाज यायला लागला. कमलाबाई ताल धरत होत्या. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कारण रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मला रडताना बघावं अशी माझी इच्छा नव्हती.

पण अजून अर्धं काम बाकी होतं. डब्यानं पुसायला सुरुवात केली ती डिस्कच्या तोंडापासून, आणि कुठल्या गाण्याचं नाव काय, ही यादी तिथंच असते. म्हणजे गाणी सापडली, नावं गेली. सहाशेच्या वर रेकॉर्डिंग, आणि सगळ्यांवर नुसते नंबर. शिवाय तोंडाजवळ जी गाणी होती ती तर साफ गेली होती. कुठली गेली, हे उरलेली सगळी ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ऐकून ओळखणारं माणूस एकच होतं.

मग कार्तिकभर दोघं आठवड्यातून तीनदा यायचे. कमलाबाई हेडफोन लावून बसायच्या. नंबर लावला की डोळे मिटायच्या, चार-पाच सेकंदांत उघडायच्या आणि वहीत लिहायच्या: गाणं कुठलं, कुणाच्या लग्नातलं, कोण गातंय. 'कोण गातंय' या रकान्यात बहुतेक 'कमला', क्वचित 'अम्मा', क्वचित 'अक्का'. गोपाळराव शेजारी बसून ते दोन बोटांनी टाइप करायचे. कधी कधी बाई आवाज न करता हसायला लागायच्या, खांदे हलायचे. विचारलं की पाटीवर लिहायच्या, "ते ओरडूलेत." म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये नवरा कुणावर तरी खेकसत असायचा. आपल्याच सुरेल आवाजासमोर बसलेल्या त्या बाईकडे बघून मला आधी वाईट वाटायचं. नंतर लक्षात आलं की त्यांना वाईट वाटत नव्हतं. त्या तपासत होत्या. एखादी जागा बिघडलेली असली की कपाळाला आठ्या घालायच्या.

शेवटचा नंबर संपला त्या सकाळी त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. मग पाटीवर लिहिलं, "पाठवणीचें नाहीं."

मुलीला सासरी धाडताना म्हणायचं गाणं. त्यांच्या आईचं, आणि आईच्या आईचं. मी परत एकदा सगळं धुंडाळलं. डिस्कच्या पुसलेल्या भागात शून्यांशिवाय काही नव्हतं. तेव्हा मात्र मी ते बोललो. म्हटलं, मामी, चूक माझी आहे, तेव्हा मी निश्चिंत राहा म्हणायला नको होतं, आणखी एक प्रत करून दुसरीकडे ठेवा म्हणायला हवं होतं. गोपाळराव म्हणाले, नाही, चूक माझी. आम्ही दोघं चुकीवरून भांडायला लागलो तशी कमलाबाईंनी पाटी टेबलावर आपटली. त्यावर लिहिलं होतं, "मला पाठ आहे. चाल नंबर दोनशे बाराची."

शब्द त्यांना पाठ होते. चाल दळणाच्या एका गाण्याचीच होती आणि ते गाणं शाबूत होतं. हवा होता फक्त गळा. पण घरात दुसरी मराठी गाणारी बाई नव्हती. सून तेलुगू घरची. भार्गवी चेन्नईला नोकरीत, तिला मराठी सगळं समजतं पण जीभ वळत नाही, आणि स्वतःच्या पाठवणीचं गाणं नवरी कशी म्हणणार? कमलाबाईंनी डोळे उचलले आणि नवऱ्याकडे बघितलं.

गोपाळराव म्हणाले, "मी? मला सूर येत नाहीं गे."

बाईंनी दोनशे बारा लावलं आणि हेडफोन त्यांच्यापुढं सरकवला.

पुढचे दोन महिने तिरुवैयारूच्या त्या घरात काय चाललं होतं ते मी दोनदा जाऊन पाहिलं. दोनशे बारा लावायचं, ते ऐकायचं, आणि त्या चालीवर पाठवणीचे शब्द गोपाळरावांनी म्हणायचे. सूर घसरला की कमलाबाई पाटीवर टिचकी मारायच्या. फार घसरला की पाटीच मारतील असं वाटायचं. माणूस सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसा म्हणून सांगितलेला. घामाघूम व्हायचा, चिडायचा, अंगणात निघून जायचा आणि पाच मिनिटांत परत यायचा.

लग्न तंजावूरला झालं. पाठवणीच्या वेळी दुपार झाली होती, मंडपातले अर्धे लोक जेवून सुपारी चघळत होते. हळदीपासूनची सगळी गाणी कमलाबाईंच्या आवाजात स्पीकरवर झाली होती. मग स्पीकर बंद झाला आणि गोपाळराव उभे राहिले. बायकांचं गाणं पुरुषानं म्हणायचं म्हटल्यावर मागून कुणीतरी खुदकन हसलं. त्यांनी सुरू केलं. सूर बरा नव्हता, खोटं कशाला सांगू. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला ते अडकले. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं, तोंड उघडं राहिलं. कमलाबाई भार्गवीचा हात सोडून त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ओठ हलवायला लागल्या. ते त्यांच्या ओठांकडे बघत गायले, शब्द शब्द उचलत, शेवटपर्यंत. तोवर मागचे लोकही सुपारी चघळायचे थांबले होते. भार्गवी ढसाढसा रडत होती आणि सून तिला धरून होती, तीही रडत होती.

मी रेकॉर्ड केलं, दोन यंत्रांवर, एकदमच. त्याच आठवड्यात सगळ्या गाण्यांच्या तीन प्रती केल्या: एक त्यांच्या घरी, एक माझ्याकडे आणि एक भार्गवीबरोबर चेन्नईला. आता कुणीही विचारलं तर मी एवढंच सांगतो. डबा चार डिस्कचा घ्या की चाळीसचा, एक प्रत घराबाहेर ठेवा, आणि वर्षातून एकदा ती वाजवून बघा.

पंधरा दिवसांनी दोघं दुकानात आले. यादीत नवं रेकॉर्डिंग घालायचं राहिलं होतं. कमलाबाईंनी वही उघडली, गाण्याचं नाव लिहिलं, लग्न भार्गवीचं लिहिलं, आणि 'कोण गातंय' पाशी पेन थांबलं. आमच्या जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, लिहीत तर मुळीच नाहीत. आवाज होता तेव्हाही त्यांच्या तोंडी मी कायम 'ते' एवढंच ऐकलं होतं, आणि पाटीवरही 'ते'. मी म्हणणार होतो की राहू द्या, ते मी भरतो. तेवढ्यात त्यांनी खाली वाकून, शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर काढत लिहिलं, 'गोपाळराव'. वही माझ्याकडे न देता त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग दोन बोटांनी ते नाव टाइप करायला लागले, आणि स्वतःचंच नाव त्यांचं दोनदा चुकलं.